ही गाडी आपली नाही

माझा प्रोग्रॅम बरोबर होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोक ते मान्य करत नाहीत. त्याला जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्याने अगदी खरं दिलं. विचारलंच भलतं, एवढाच काय तो घोटाळा. विचारणारा मी होतो हे कबूल, पण त्या घोटाळ्यात वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचाही वाटा आहे. तो कसा, ते येईलच.

झालं असं की आमच्या इमारतीचे राखणदार काका मुलाकडे राहायला गेले आणि आमच्या आवारात कुणाच्याही गाड्या येऊन उभ्या राहायला लागल्या. मग बैठक बसली. अध्यक्षांनी आपोआप उघडणाऱ्या गेटचा ठराव मांडला. गेटवर कॅमेरा, कॅमेरा आतून-बाहेरून येणाऱ्या गाडीचा नंबर वाचणार, नंबर आपल्या यादीत असेल तर गेट उघडणार, नसेल तर ढिम्म राहणार. गेट आणि कॅमेरा कंपनी बसवून देणार होती, पण नंबर ताडून बघायचा प्रोग्रॅम लिहायला त्यांचा माणूस पुढच्या तिमाहीपर्यंत मोकळा नव्हता. तेव्हा मी उभा राहिलो. शेजारून बायकोने माझा सदरा ओढला. सदरा ओढला की मला जास्तच चेव येतो, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

मी विमा कंपनीत दावे तपासण्याच्या खात्यात आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझी हयात गेली. आमच्या नव्या साहेबांनी पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांना संध्याकाळच्या प्रोग्रॅमिंगच्या क्लासला घातलं होतं. क्लासच्या बाई माझ्या भाचीच्या वयाच्या, पण त्या "काका, फळ्याकडे बघा" म्हणाल्या की माझी मान आपोआप वळायची. मी स्ट्रिंगपर्यंत पोचलो होतो. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. नाव, पत्ता, निरोप, गाडीचा नंबर, या सगळ्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने स्ट्रिंगच. या स्ट्रिंग मेमरीत कुठे आणि कशा राहतात याचे म्हणे दोन मोठे नियम आहेत. पहिला नियम बाईंनी शिकवला तेव्हा मी पहिल्या बाकावर होतो. दुसरा शिकवला त्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलो होतो. दाढ अजून चार दिवस टिकली असती असं ते स्वतःच नंतर म्हणाले. तर तो त्यांचा वाटा.

प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि इमारतीतल्या प्रत्येकाला आपण प्रोग्रॅमिंगमध्ये जाणकार असल्याचा शोध लागला. तळमजल्यावर एक निवृत्त न्यायाधीश राहतात. त्यांची हरकत गेटच्या स्क्रीनवर येणाऱ्या मजकुराला होती. मी "गाडी अमान्य" असं लिहिलं होतं. न्यायाधीश म्हणाले की बाजू ऐकून घेतल्याशिवाय कुणाला अमान्य ठरवणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही. त्यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. "गाडी अनोळखी" सुचलं, ते डॉक्टरांना उद्धट वाटलं. "क्षमस्व" सुचलं, ते अध्यक्षांना कमकुवत वाटलं. शेवटी "ही गाडी आपली नाही" यावर सगळ्यांचं एकमत झालं. यात आपलेपणा आहे, असं न्यायाधीश म्हणाले. नाही म्हणण्यातला आपलेपणा मला काही दिसला नाही, पण मी लिहून टाकलं.

मग अध्यक्षांचं प्रकरण. स्क्रीनच्या तळाशी त्यांच्या नावापुढे "अध्यक्ष" असं होतं, त्यांना तिथे "संस्थापक अध्यक्ष" हवं होतं. मी प्रोग्रॅममध्ये त्या स्ट्रिंगला बदलायची आज्ञा दिली. प्रोग्रॅम कुरकुर न करता चालला आणि स्क्रीनवर "अध्यक्ष" हेच राहिलं. पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा तेच. अध्यक्षांना यात राजकारण दिसलं आणि जिन्यात ते माझ्याकडे न बघता वर जायला लागले. मी क्लासच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, काका, हाच तर पहिला नियम, एकदा तयार झालेली स्ट्रिंग कधी बदलत नाही. तुम्ही बदल सांगितलात तेव्हा मेमरीत "संस्थापक अध्यक्ष" अशी नवीच स्ट्रिंग तयार झाली आणि ती तुमच्यापुढे धरली गेली. तुम्ही ती घेतलीच नाही, तिला काही नाव देऊन ठेवली नाही. मग जिला कुणी वाली नाही अशी स्ट्रिंग केरात जाते. आमचे संस्थापक अध्यक्ष असे सकाळपासून सहा-सात वेळा स्थापन होऊन केरात गेले होते. मी त्यांना हे सांगितलं नाही.

हे दुरुस्त केलं आणि मग प्रात्यक्षिक झालं. सभागृहात पडदा लावला, सगळी इमारत जमली. माझी आई दुसऱ्या मजल्यावरून स्वतःची खुर्ची घेऊन खाली आली. अजून कॅमेरा जोडलेला नव्हता, म्हणून प्रोग्रॅममध्ये यादीत आमच्या गाडीचा नंबर लिहिला आणि खाली "समजा कॅमेऱ्याने हा नंबर वाचला" असं म्हणून तोच नंबर पुन्हा लिहिला. बटण दाबलं. पडद्यावर आलं, "या, गेट उघडत आहे". मग एक खोटा नंबर लिहिला. पडद्यावर आलं, "ही गाडी आपली नाही". टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काय सांगू. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आईने शेजारणीला सांगितलं की हा लहानपणापासूनच असा आहे, घड्याळं उघडायचा. ती घड्याळं पुन्हा बंद झाली नाहीत हे तिने सांगितलं नाही. आई ती आईच.

बायको टाळ्या वाजवत होती, पण तिची नजर पडद्यावर होती. ती गणिताची बाई आहे. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, एकदा खरी गाडी समोर उभी करून बघा. मी म्हटलं, अगं, सगळ्या इमारतीने डोळ्यांनी बघितलं, आता आणखी काय बघायचं? तिने फायली लावायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती.

या मुलाखतीबद्दल इथे थांबून बोललंच पाहिजे. शाळेत कुणी रजेवर गेलं की त्यांची जागा हिने भरायची, वेळापत्रक हिने करायचं, पालक भांडायला आले की पुढे हिला करायचं आणि खुर्ची रिकामी झाली की तिच्यावर दुसऱ्याला बसवायचं, असं बरीच वर्षं चाललं होतं. ती बोलून दाखवायची नाही. पण मागच्या वेळी डावललं तेव्हा तिने दोन दिवस कपाटं आवरली होती, आणि आमच्याकडे कपाटं आवरली जात असली की आई मला डोळ्यांनी खुणावते, बोलू नकोस. यावेळी नव्या संचालकांनी बाहेरचे परीक्षक बोलावले होते. ही जागा तिला मिळावी असं मला मनापासून वाटत होतं. म्हणूनच तर मी तो घोळ घातला. गेटचं उद्घाटन दुपारी ठरलं होतं, ते मी हट्टाने सकाळी आणलं. माझ्या प्रोग्रॅमने उघडलेल्या गेटमधून पहिली गाडी माझ्या बायकोची जाणार, तीही मुलाखतीला, याच्याइतका चांगला शकुन कुठला? हा विचार मला आंघोळ करताना सुचला होता आणि तिथेच तो राहिला असता तर बरं झालं असतं.

त्यात न्यायाधीशांनी एक पुरवणी ठराव मांडला होता. गाड्यांना एवढी तपासणी आणि शेजारच्या छोट्या दारातून कुणीही चालत येणार, ही सुरक्षेतली पळवाट आहे. म्हणून छोट्या दाराला कार्ड लावून उघडायचं यंत्र बसवायचं आणि ते बसेपर्यंत दार वेल्डिंग करून बंद ठेवायचं. यंत्रवाला उद्घाटनाच्या दिवशी दुपारी येणार होता. वेल्डिंगवाल्याला मात्र मेव्हण्याकडे जायचं होतं, म्हणून तो आदल्या संध्याकाळीच काम उरकून गेला. फार मजबूत काम केलं त्याने, त्याबद्दल तक्रार नाही. भिंतीच्या कडेवर काचा लावायचा ठरावही न्यायाधीशांचाच, पण तो जुना.

सकाळी आवारात सगळे जमले. अध्यक्ष फीत कापायला गेटच्या बाहेरच्या बाजूला जाऊन उभे राहिले, कारण फोटोला उजेड तिकडून चांगला होता. ते बाहेर गेले आणि मी कळ दाबून गेट प्रोग्रॅमच्या हवाली केलं. गेट सरकत येऊन बंद झालं. बायको गाडी घेऊन पुढे आली. कडक इस्त्रीचे कपडे, शेजारच्या आसनावर फायली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. स्क्रीनवर वरच्या ओळीत कॅमेऱ्याने वाचलेला नंबर आला, खालच्या ओळीत आमच्या यादीतला नंबर आला, आणि त्याखाली आलं, "ही गाडी आपली नाही".

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी स्क्रीनकडे बघत होतो. न्यायाधीश पुढे झाले, चष्मा लावला आणि वरची ओळ मोठ्याने वाचली. मग खालची ओळ मोठ्याने वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, अक्षर न अक्षर सारखं आहे. बाल्कनीतून आईनेही तेच सांगितलं, आणि तिचा मोतीबिंदू अजून काढायचाय.

"प्रोग्रॅम बरोबर आहे," मी म्हटलं.

डॉक्टरांना पाटीवर धूळ असल्याचा संशय आला. त्यांनी खिशातला रुमाल ओला करून पाटी घासली, कोपऱ्यात बोट घालून घासली, आणि रोज घासत जा असं सवयीने म्हणून गेले. बायकोने गाडी मागे घेऊन पुन्हा पुढे आणली. ही गाडी आपली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, सावकाश आणा, त्याला वाचायला वेळ लागत असेल. सावकाश आणली. ही गाडी आपली नाही. मग डॉक्टरांनी स्वतःची गाडी आणून बघितली, तर तीही आपली नाही. न्यायाधीशांची गाडी गेली सात वर्षं एकाच जागी झाडाखाली उभी आहे, इमारतीत तिच्याइतकी आपली गाडी दुसरी कुठलीही नसेल. ती ढकलत आणून कॅमेऱ्यापुढे उभी केली. तीही आपली नाही. थोडक्यात, त्या इमारतीत आपलं कुणीच नव्हतं.

मी कंपनीला फोन लावला. ती कळ पुन्हा दाबून काही होत नव्हतं, आणि गेट हाताने उघडायची किल्ली कंपनीकडेच असते. एक गोड आवाजाची मुलगी बोलली. तिने विचारलं, गेट उघडं राहतंय का? मी म्हटलं, नाही, बंद राहतंय. ती म्हणाली, अभिनंदन, म्हणजे गेट व्यवस्थित चालू आहे. मी तिला समजावलं की आम्ही आत अडकलोय. तिने बराच वेळ शोधलं आणि सांगितलं की तक्रारींच्या सदरात "गेट उघडं राहणे", "गेट आवाज करणे" आणि "गेटचा रंग उडणे" एवढंच आहे. मी रंग उडाल्याची तक्रार नोंदवली. ती म्हणाली, रंगासाठी किल्ली लागत नाही.

क्लासच्या बाईंना फोन केला, तर त्या शिकवत होत्या, उचलला नाही. घड्याळ पुढे चाललं होतं. बायको अजून गाडीत बसून होती, दोन्ही हात चाकावर, आणि माझ्यावर रागावायचं सोडून ती काहीतरी मोजत होती. मला ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. तिने भर आवारात मला चार शब्द सुनावले असते तर मी ताठ मानेने भांडलो तरी असतो.

ती गाडी बंद करून उतरली. फायली काखेत घेतल्या.

"काल मी म्हटलं होतं, खरी गाडी उभी करून बघा."

"म्हटलं होतंस."

"बरं. शिडी आणा आणि नीट धरा."

आमच्या इमारतीत शिडी एकच. ती जिन्याखालच्या खोलीत असते. डॉक्टर तिला "आमची शिडी" म्हणतात, न्यायाधीश "माझी शिडी" म्हणतात, आमच्या घरातही ती आमचीच आहे. दिवा बदलायचा असो की माळा साफ करायचा, प्रत्येकजण त्याच खोलीकडे जातो आणि तीच शिडी घेतो. वेगळी शिडी घ्यायची कुणाला गरजच पडली नाही. ही शिडी नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिडी गेटला लावली. वर टोकदार सळ्या होत्या, म्हणून आईने बाल्कनीतून दोन उशा आणि एक जाड चादर खाली टाकली. एक उशी न्यायाधीशांच्या अंगावर पडली, तरी त्यांनी हरकत घेतली नाही. मी शिडी धरली, डॉक्टरांनी मला धरलं. बाहेरच्या बाजूला तेवढ्यात पाववाला आला होता. त्याने गाडी गेटला चिकटवून उभी केली आणि पावाचे रिकामे क्रेट एकावर एक रचून पायऱ्या केल्या. सबंध आवार श्वास रोखून बघत होतं. ज्या बाईंना शाळेतली मुलं लांबून बघूनच शर्ट आत खोचतात, त्या बाई फायली दातात धरून गेट ओलांडत होत्या. वरून पाय पलीकडे टाकताना तिची टाच फितीला लागली आणि फीत तुटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याने फोटो काढला. संस्थापक अध्यक्ष हातात कात्री घेऊन तसेच उभे राहिले.

पाववाल्याने दार उघडून धरलं. ती त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि गाडी निघाली. तिने मागे बघितलं नाही, वेळ नव्हता. मी सळ्यांना धरून गाडी वळेपर्यंत बघत होतो.

ती गेल्यावर थोड्याच वेळाने क्लासच्या बाईंचा फोन आला. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, प्रात्यक्षिकात दोन्ही नंबर तुम्ही प्रोग्रॅममध्येच लिहिले होते ना? हो म्हटलं. आणि ताडून बघायला दोन समान चिन्हं, म्हणजे बरोबरची दोन चिन्हं, वापरलीत? हो म्हटलं. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही दुसऱ्या नियमाच्या दिवशी आला नव्हता. मी दातांच्या डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली.

तो दुसरा नियम मला शिडीमुळे समजला, म्हणून तसाच सांगतो. प्रोग्रॅममध्ये आपण तीच अक्षरं दोन ठिकाणी लिहिली, तर संगणक त्यांच्या दोन प्रती करत बसत नाही. मध्यमवर्गीय आहे तो, बचत करतो. मेमरीत एक सामाईक खोली ठेवलेली असते, तिथे ती अक्षरं एकदाच ठेवतो आणि दोन्ही जागांना सांगतो, ती बघा तिथे आहे, लागेल तेव्हा बघा. डॉक्टरांची शिडी आणि न्यायाधीशांची शिडी ही एकच, तसं. पण कॅमेऱ्याने वाचलेला नंबर बाहेरून येतो. तो या खोलीत जात नाही, त्याची नवी स्ट्रिंग तयार होते आणि मेमरीत वेगळ्या जागी ठेवली जाते. जणू शेजारच्या इमारतीतून कुणी हुबेहूब आपल्यासारखी शिडी आणली. आणि मी ती दोन समान चिन्हं लिहून विचारलं काय, तर या दोन शिड्या म्हणजे एकच शिडी आहे का? प्रात्यक्षिकात उत्तर हो आलं, कारण शिडी खरंच एक होती. गेटवर उत्तर नाही आलं, कारण शिड्या दोन होत्या. दिसायला सारख्या आहेत का, हे मी विचारलंच नव्हतं. ते विचारायला वेगळा शब्द आहे. बाईंनी तो सांगितला, मी समान चिन्हं खोडून तो लिहिला, आणि डॉक्टरांच्या गाडीपुढे गेट लोण्यासारखं उघडलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी हॉर्न वाजवले आणि एकापाठोपाठ एक निघून गेले. अध्यक्ष आत आले, कात्री माझ्या हातात दिली आणि तिथल्या तिथे बैठक बोलावली. न्यायाधीशांनी ठराव लिहिला की यापुढे यादीत नवा नंबर घालायचा किंवा प्रोग्रॅमला हात लावायचा तर समितीची बैठक आणि दोन सह्या लागतील. मी सही केली. छोट्या दाराचा यंत्रवाला काही आला नाही, त्याने उद्यावर टाकलं.

मग मी बायकोला फोन केला. ती शाळेत बाहेरच्या बाकावर बसली होती, दोन उमेदवार तिच्या आधी होते. वेळेत पोचली होती. मला इतकं हलकं वाटलं की मी तिला सगळा दुसरा नियम शिडीसकट सांगून टाकला. मुलाखतीआधी बायकोला स्ट्रिंगची मेमरी समजावणारा नवरा जगात मी एकटाच असेन. तिने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे दोन मुलांचं उत्तर सारखंच होतं," ती म्हणाली, "आणि तुम्ही दोघांची वही एकच आहे का, ते विचारत बसलात."

"तसंच काहीसं."

"अहो, उत्तर आधी वाचायचं असतं." आणि आतून तिचं नाव पुकारलं म्हणून तिने फोन ठेवला.

मी ऑफिसला रजा टाकली. दुपारभर आवारात येरझाऱ्या घातल्या. आई दर अर्ध्या तासाने बाल्कनीत येऊन मान हलवायची, म्हणजे घरच्या फोनवर काही निरोप नाही. माझ्या मनात सारखं येत होतं, जागा गेली तर ती मला काही बोलणार नाही, ती कपाटं आवरेल. इतक्या वर्षांत तिने मागितलेली ही एकच गोष्ट, आणि तिच्या वाटेत मी स्वतःच्या हाताने गेट उभं केलं. न्यायाधीश माझ्याशेजारी येऊन बसले आणि त्यांनी अर्धं वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं.

संध्याकाळी गेटसमोर शाळेची बस येऊन उभी राहिली. भली मोठी, रिकामी, आणि पुढच्या आसनावर माझी बायको एकटी. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. स्क्रीनवर आलं, "ही गाडी आपली नाही". दिवसभरात पहिल्यांदाच ते पूर्णपणे खरं होतं.

ती उतरून गेटशी आली. मी आतल्या बाजूने सळ्या धरल्या.

"काय झालं?"

"त्यांनी विचारलं, दोन मुलांनी अगदी सारखं उत्तर लिहिलं तर काय कराल? आधीच्या दोघांनी म्हणे सांगितलं, कॉपीची चौकशी करू. मी म्हटलं, आधी उत्तर वाचीन. बरोबर असेल तर दोघांना गुण देईन. वही कुणाची ते नंतर बघू. मग म्हटलं, आमच्या घरी एकजण आधी वही बघत बसले, म्हणून मी गेटवरून चढून पाववाल्याच्या गाडीतून आले आहे."

"हे सांगितलंस?"

"खांद्यावर पावाचा चुरा होता, सांगावंच लागलं. पाचही परीक्षक हसायला लागले, थांबेचनात." तिने खांदा झटकला. "उद्यापासून खुर्ची माझी आहे."

मला काय करावं सुचेना. बसचा नंबर यादीत घालायला बैठक लागणार, दोन सह्या लागणार, अध्यक्ष संध्याकाळी फिरायला गेलेले. छोटं दार वेल्डिंगचं. ती बाहेर उभी, मी आत, आणि मध्ये माझाच प्रोग्रॅम, तोही आता बिनचूक. मी धावत जिन्याखालच्या खोलीतून शिडी आणली आणि गेटला लावली. आईने काही न विचारता उशा टाकल्या. मी चढायला लागलो. या वयात, या पोटाने, ऑफिसच्या विजारीत. वर पोचून एक पाय पलीकडे टाकला तेव्हा बाल्कनीतून आईचा आवाज आला की अरे, खाली तुमची गाडी उभी आहे ती पुढे घेतली असतीस तर गेट आपोआप उघडलं असतं. "ते मला माहीत होतं," मी वरूनच म्हटलं.

बसचा चालक खाली उतरून गेटवर लटकलेल्या माझ्याकडे संशयाने बघत होता. त्याने बायकोला विचारलं, बाई, हा कोण चढतोय, पोलिसांना बोलवू का?

बायकोने वर बघितलं. मग हात पुढे केला आणि माझा लोंबकळणारा पाय धरून नीट गेटच्या आडव्या सळईवर ठेवला.

"नको," ती म्हणाली. "हे आपलेच आहेत."